मामाच्या प्लेटवर माझी बोटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मशीन बंद, आणि आम्ही सगळे जेवणाच्या खोलीत बाकांवर शाळेतल्या पोरांसारखे बसलेलो! ट्रेनिंग. कंपनीने बाहेरून एक बाई आणलीय, महिनाभर राहणार. आमची फॅक्टरी चिकन शिजवते, त्याचे धागे करते, पाकिटात भरते. माल जातो दवाखान्यांत आणि शाळांत. म्हणून आमच्यावर एवढी नजर.

बाई तिच्या भाषेत बोलते, सुपरवायझर आम्हाला आमच्या भाषेत सांगतो. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो — कामावर तो तोंडाने कमी आणि शिट्टीनेच जास्त बोलतो. बाई भरपूर बोलली की हा म्हणणार, "हात धुवा." बाई परत तेवढंच बोलली. हा म्हणतो, "नीट धुवा."

मग बाई आम्हाला धागे काढायच्या मशीनपाशी घेऊन गेली. त्याचं झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबायला पाहिजे. पण ते थांबवणाऱ्या बटणावर आम्ही चिकटपट्टी मारून ठेवलेली — मांस अडकलं की चालू मशीनमध्येच हात घालून मोकळं करता येतं, काम थांबत नाही. बाईला ती पट्टी लगेच दिसली. ओरडली नाही. रबरी हातमोज्यात गाजरं भरली, बोटं असतात तशी, आणि मशीन चालू करून मोजा उघड्या झाकणातून आत सोडला.

आवाजसुद्धा झाला नाही. खाली नुसता केशरी चोथा.

कुणीतरी पुटपुटलं, "आज भाजीत गाजर नको रे बाबा." कोणी हसलं नाही. ती पट्टी मीच नखाने खरवडून काढली.

४ फेब्रुवारी

मामाचा अंगठा बरा होत नाही.

मामा माझा सख्खा मामा नाही. इथे सगळेच त्याला मामा म्हणतात. पण मला इथे आणलं त्याने, खोलीत वरचा पलंग दिला त्याने, भात न करपवता कसा करायचा ते शिकवलं त्याने. याआधी मी कुठेच टिकलो नाही — गोदाम सोडलं, हॉटेल सोडलं, लाकडाची वखार तर जेवायच्या सुट्टीतच सोडली. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. मामा म्हणतो, "भिंगरी काढून माझ्याकडे दे, बघू कसा पळतोस."

मी कच्च्यात काम करतो, मामा पक्क्यात. कच्चं मांस येतं ती बाजू कच्ची, शिजून पुढे जातं ती पक्की. मधे पिवळा पट्टा. कच्च्याला निळे बूट, पक्क्याला पांढरे. निळ्या बुटाने पट्टा ओलांडला की शिट्टी कान फाटेपर्यंत वाजवतो.

ट्रेच्या पत्र्याने मामाचा अंगठा कापला होता. आता कडेने पिवळा पडलाय, दाबलं की पू येतो. मामा त्यावर पट्टी बांधतो, त्यावर प्लास्टिक, वरून दोन हातमोजे. नियम असा की जखम दाखवायची, आणि पू असला तर पक्क्यात पाय ठेवायचा नाही.

मी म्हटलं, "मामा, दाखवा ना शिट्टीला."

"दाखवतो की. पोरीची परीक्षा होऊ दे."

त्याची पोर तिकडे गावी नर्सिंग शिकतेय. मी म्हटलं, "पोरगी जन्मभर लोकांच्या जखमा धुणार, आणि बाप जखम लपवतोय!"

"म्हणूनच लपवतोय," मामा म्हणाला. "मला घरी पाठवलं तर ती शिकणार कशी?"

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बाईने गंमत आणली. छोट्या गोल प्लेटा, त्यात जेली जमवलेली. प्रत्येकाने झाकणावर आपलं नाव लिहायचं आणि चार बोटं हळूच जेलीवर टेकवायची. प्लेटा उबेत ठेवणार. बोटांवर जे काही आहे ते वाढून सोमवारी डोळ्याला दिसणार. डोळ्याला!

सगळे खुशीत. पाकिटं सील करणारा म्हणतो, "माझ्या प्लेटमध्ये गुलाब उगवणार." शिट्टी म्हणाला, "तुझ्यात कांदे."

मामा शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी. हातमोजा काढायचा म्हणजे अंगठा दिसणार. त्याने नाव लिहिलं आणि प्लेट टेबलाखालून माझ्या मांडीवर सरकवली. मी उजव्या हाताची बोटं माझ्या प्लेटवर टेकवली, डाव्या हाताची मामाच्या. झालं! बाईचं लक्ष पुढच्या बाकावर.

जेवताना मामाने स्वतःच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात टाकलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

काय करून बसलो मी.

बाईने प्लेटा ओळीने मांडल्या. बहुतेकांच्या थोड्या ठिपक्यांच्या. माझी बरी, चार-दोन पांढरे ठिपके. पाकिटं सील करणाऱ्याची चक्क साफ, तो छाती काढून फिरला. आणि मामाची — गच्च भरलेली. पिवळे, सोन्याच्या रंगाचे ठिपके, चारही बोटांचे ठसे ओळखू येतील असे.

बाई बराच वेळ बोलली आणि या वेळी शिट्टीने सगळं सांगितलं. हे जंतू माणसाच्या नाकात राहतात, पुवात राहतात. चारांतल्या एखाद्याच्या नाकात असतात, त्याला स्वतःला काही होत नाही. पण शिजलेल्या मांसावर पडले, मांस उबेत राहिलं, की ते विष सोडतात. मग पुन्हा उकळून काढा, जंतू मरतात, विष मरत नाही. दवाखान्यातला म्हातारा, शाळेतलं पोर — त्यांना ते सोसत नाही.

सगळे मामाकडे बघायला लागले. बाईने त्याला हाताने बोलावलं, मोजे काढायला लावले. पट्टी सोडली. अंगठा बघितल्यावर शिट्टीच्या तोंडून शिट्टीच निघाली, पण अगदी हळू.

डावा हात माझा होता. त्या दिवशी सकाळभर सर्दीने नाक चोळत होतो. धुतला होता मी हात! पण धुतल्यावर बाकावर बसून परत चोळलं असणार. सवयच आहे.

मामाला पक्क्यातून काढलं. गेल्या आठवड्यात त्याने भरलेली पाकिटं थंड गोदामात बाजूला ठेवली. ट्रेनिंग संपेपर्यंत रोजचा मालही तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "माल खराब निघाला तर हा माणूस घरी."

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मला मामाच्या जागी उभं केलं. शिट्टी म्हणाला, "तुझी प्लेट बरी होती. चल."

पांढरे बूट मिळाले. नवे! पायात घालून मी आरशासमोर — लाज वाटते लिहायला — दोनदा फिरलो.

सकाळी मी मामाला म्हटलेलं, "सांगून टाकतो. प्लेटवर माझी बोटं होती म्हणून."

मामा भांडी घासत होता, डॉक्टरने बांधलेला अंगठा वर धरून. म्हणाला, "सांगून माझा अंगठा बरा होणार आहे? पू तर माझाच आहे ना? एकाचं गेलं तर गेलं. दोघांचं कशाला घालवतोस?"

बरोबरच आहे की. प्लेट खोटी होती, पण जखम खरी. दिवसभर मी हेच घोकत होतो.

१२ फेब्रुवारी

पक्क्यात गरम होतं. वाफ, डोक्याला जाळी, तोंडाला मास्क. नाक खाजतं. काम मात्र आवडलं! धागे सरकत्या पट्ट्यावरून येतात, चिमटीने हाड-कुर्चा काढायची, पाकिटात सोडायचं. मामा संध्याकाळी खोलीत बसून शिकवतो — उशीच्या खोळीत लोकर भरून दाखवतो, मनगट कसं फिरवायचं ते. "घाई करू नकोस. तुझं मनगट पळतं तुझ्यासारखंच."

मास्क सारखा नाकाखाली येतो. शिट्टीने आज दोनदा टपली मारली. तिसऱ्यांदा म्हणाला, "नाक झाकायचं असतं, हनुवटी नाही. हनुवटीला कोण विचारतं?" तोंडाला हात लागला की मोजे बदलायचे असतात. पट्टा चालू असताना कसे बदलणार? मनगटानेच पुसतो.

१३ फेब्रुवारी

आईला फोन केला. पक्क्यात गेलो म्हटल्यावर तिला काही कळलं नाही, पण आनंद झाला. "मामाला सांग, पोराला माणसात आणलंत." मामा शेजारीच होता. सांगितलं. तो हसला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. मामाने बॅग काढून बघितली, चेन लागते का. परत पलंगाखाली सरकवली.

दुपारी पोरीचा फोन आला त्याला. तो मोठ्याने बोलत होता — "हो हो, काम जोरात! अंगठा? कसला अंगठा? तुला कुणी सांगितलं?" मग माझ्याकडे डोळे वटारले. मी सांगितलं नव्हतं! बोलताना हात हलवतो, व्हिडिओवर तिला बांधलेला अंगठाच दिसला असणार. मग ती बराच वेळ बोलत होती आणि मामा नुसता "हं, हं." फोन ठेवून म्हणाला, "साखर तपासा म्हणते. अजून परीक्षा पास नाही झाली आणि मलाच तपासायला निघाली."

तपासायला पाहिजे मात्र. मी उद्या घेऊन जातो म्हटलं. "कामावर जा," म्हणाला. "माझी जागा आहे ती. नीट राख."

१६ फेब्रुवारी

मामा एकटाच गेला. साखर निघाली. बरीच. म्हणून अंगठा भरत नव्हता. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडे दिवस झाकून ठेवला असता तर बोट काढायला लागलं असतं. गोळ्या दिल्या, रोज धुवायला बोलावलंय.

म्हणजे त्या प्लेटमुळे मामाचा अंगठा वाचला! मी उड्याच मारल्या. मामाला म्हटलं, "बघा, माझ्या बोटांचे उपकार." त्याने उशी फेकून मारली.

आज पहिल्यांदाच बरं वाटलं. जणू जे केलं ते चांगल्यासाठीच झालं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाईने आज गोदामातून पाकिटं काढून तपासायला पाठवली. मामाची सगळी, आणि माझी पण, रोजच्या रोजची. मामा गोदामाच्या दारापाशी उभा राहून बघत होता. त्याला आता खोकी घडी करायला लावलंय, तिथे उघडं अन्न नसतं.

बाईने त्याला बघितलं आणि शिट्टीकरवी विचारलं, "घाबरलास?"

मामा म्हणाला, "घरी पाठवतील त्याची भीती आहेच. पण बाईंना विचारा, आधीच्या पाकिटांतलं कुणी काही खाल्लं का, कुणाला काही झालं का? ती तर गेली ना गाड्या भरून."

शिट्टीने विचारलं. बाईने मान हलवली. कुठूनच तक्रार नाही. मामा भिंतीला टेकून खाली बसला.

मला हे विचारायचं सुचलंसुद्धा नव्हतं. मी आपला बूट बघत होतो.

१८ फेब्रुवारी

काम केलं. मास्क वर ठेवला.

१९ फेब्रुवारी

सर्दी परत. मामाने वाफ घ्यायला लावली, डोक्यावर टॉवेल टाकून. टॉवेलच्या आत ते बाईचं वाक्य आठवलं, चारांतल्या एखाद्याच्या नाकात असतात म्हणून. ऐकलं तेव्हा मला ते फक्त प्लेटपुरतं वाटलं होतं. टॉवेल काढून टाकला. मामा म्हणाला, "काय झालं, भाजलं का?" मी हो म्हटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल आला. मामाच्या हातची सगळी पाकिटं साफ.

खराब निघाली ती दहा तारखेपासूनची. माझी. नशीब, एकही गाडीत चढलं नव्हतं. शिट्टी म्हणतोय की मशीन नीट धुतलं गेलं नसेल. कुणाला माझा संशयही नाही.

मी उठलो, बाईकडे जायला, नाकाचं आणि प्लेटचं सांगायला. मामा दारात आडवा. "गप बस खाली."

नाही बसलो.