माफ केलं ते आम्ही

प्रिय वर्षाली,

तू नाशिकहून फोन करतेस आणि मी दर वेळी सगळं ठीक आहे म्हणते. तुझा आवाज ऐकला की खरं सांगवत नाही, म्हणून लिहायला बसले.

ताथवड्याच्या आपल्या भल्यामोठ्या चर्चमध्ये बँड आणि दिव्यांपुढे हजारो माणसं असायची, आणि मागच्या खोलीत तुझ्या वर्गाला आम्ही जेमतेम आठ-दहा जण. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात तलवार नाकारणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट ख्रिस्ती लोकांबद्दल तू सांगायचीस. पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात बुडतोय म्हणून त्याला वाचवायला मागे फिरलेला, आणि त्यापायी जाळला गेलेला तो माणूस ऐकून सुजित त्या दिवशी जेवला नाही. चर्च म्हणजे इमारत नव्हे, शेजार, हे तुझं बोलणं त्याने इतकं मनावर घेतलं की पुनावळ्यातला फ्लॅट सोडून आम्ही दोघं नवरा-बायको चाकणजवळ यशवंतरावांच्या चाळीत राहायला आलो.

चाळीत सगळे कंपनीत शिफ्ट करणारे. कुणाला धर्म शिकवायला आम्ही गेलो नव्हतो. सुजित मुलांचं गणित घ्यायचा, मी बायकांसोबत दवाखान्यात जायचे. शेजारचा लातूरकडचा ज्योतीराम सुट्टीला चहाला यायचा. पाण्याची मोटर मात्र यशवंतरावांच्या मुलाच्या, जयदीपच्या, मर्जीवर. मार्चमध्ये सुजितने त्याला त्याबद्दल विचारलं, तर त्याने लोखंडी पाना उचलून सुजितच्या मनगटावर घातला. मी दारातच होते.

चर्चचे पास्टर वकील घेऊन आले. सुजितने तक्रार दिली नाही. प्लास्टरमधला हात घेऊन तो जयदीपच्या घरी गेला आणि माफ केलं म्हणून सांगून आला. यशवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी चर्चच्या स्टेजवरून हे सांगितलं गेलं, टाळ्या झाल्या. मलाही अभिमान वाटला गं.

गेल्या महिन्यात पाण्यावरूनच जयदीपने ज्योतीरामला मारलं. त्याचा डावा डोळा गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको मंजुळा मला अगदी शांतपणे म्हणाली, "माफ केलं ते तुमी, ताई. डोळा ह्यांचा गेला."

तेव्हापासून सुजित ज्योतीरामच्या उशाशी बसतो, आणि कोठडीत जयदीपलाही डबा नेतो. पोलिसांची मदत घेणं म्हणजे तलवारच उचलणं, असं तो अजून म्हणतो. मला वाटतं, दुसरा गाल पुढे करायचा तो आपला. शेजाऱ्याचा पुढे करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? पण सुजितसमोर बसले की माझंच चुकतंय असं वाटायला लागतं.

रागाच्या भरात पहिल्यांदाच हात उचलला, असं जयदीप सांगतो आहे. सुजित तक्रार करणार नाही, आणि त्याच्याशिवाय मार्चमधलं पाहणारी मी एकटीच. चर्च म्हणतं, आमचं नाव यात नको. उद्या मी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाणार आहे. सुजितला सांगितलं. "खरं तेच सांग," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. तुझी परवानगी मागत नाही, वर्षाली. पण हे सगळं तू शिकवलंस, म्हणून तू ये. मी त्याचा विश्वास मोडला नाही, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे. आणि मी मोडला असं तुला वाटत असेल, तरी ये, आणि मला समोर बसून सांग.

तुझीच,
दिव्या