बोईसरचा उघड्या झाकणांचा मेळा

बोईसर,
१७ डिसेंबर १९९८

प्रिय जमनाताई,

यंदाचा संगणक मेळा रविवारी झाला. नाशिकला जाताना तू मेळा माझ्या हवाली केलास आणि एवढंच म्हणालीस, "लाडकी, पुढे चालेल का गं हे? बघून कळव." त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. काही वाढवून सांगू नये आणि काही लपवूही नये, म्हणून आधी कच्चं लिहिलं आणि आता हे पक्कं लिहिते आहे.

मंगल कार्यालयात पाच टेबलं मांडली होती. त्यातली दोन रिकामीच राहिली. एकावर संगणक क्लासवाले होते, 'सहा महिन्यांत नोकरी' असा फलक लावून. एकावर पालघरचे एक दुकानदार, खोक्यांसकट नवे संगणक घेऊन. उरलेलं आपलं. तुझा नियम मी सगळ्यांना आधी पत्राने आणि मग फोनवरूनही सांगितला होता: प्रत्येक टेबलावर एक तरी यंत्र झाकण काढून ठेवायचं आणि येईल त्याला हात लावू द्यायचा. दुकानदार हसले. "मॅडम, हे सील बघा. हे फाटलं की वॉरंटी गेली. आणि आत काय आहे त्याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय? फ्रिज घेताना कोणी पाठ उघडून बघतं का?" तू असतीस तर फ्रिज मागवून त्याचीही पाठ उघडली असतीस.

मग दिवसभर मला पहिलं वर्ष आठवत राहिलं. मी नववीत होते. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे कुठे कसं वागायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. दुसरे करतात ते बघायचं, आणि चुकायला नको म्हणून सगळ्यांच्या शेवटी करायचं, ही माझी रीत. कार्यालयाच्या दाराशी चपलांचा हा ढीग! कारखान्यातल्या संगणकाच्या थंड खोलीत चपला चालत नाहीत, म्हणून शिफ्टवाल्यांनी काढलेल्या, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी. मीही काढल्या आणि आत हात जोडून उभी राहिले. तू दारात येऊन ओरडलीस, "अरे, देव नाही बसवलेला, यंत्र आहे ते! घाला चपला. नंतर अदलाबदल झाली की माझ्या नावाने बोंबलाल." मग माझं मनगट धरून माझा हात त्या उघड्या पेटीत घातलास. "लाव हात. चावत नाही. वीज बंद केलीय मी." मासवणच्या माझ्या घरी तेव्हा वीजच नव्हती, हे तुला कुठे ठाऊक होतं?

ताई, तुझी एक गोष्ट मी अजून दुसऱ्या कोणा शिकलेल्या माणसात पाहिलेली नाही. कोणी काही विचारलं आणि तुला येत नसलं, की तू भर मेळ्यात मोठ्याने म्हणायचीस, "मला नाही येत हे. कोणाला येतंय?" की लगेच केळव्याचे, डहाणूचे, कॉलनीतले सगळे त्या टेबलाभोवती गोळा. कोणी स्क्रू ड्रायव्हर काढायचं, कोणी खिशातून वायर. कापड कारखान्यातले रामकिसनभाऊ आपला घरी जोडलेला संगणक गोधडीत गुंडाळून रिक्षाने आणायचे, आणि आपले वामनराव स्वागताला उभे राहून म्हणायचे, "सरका, सरका, बाळंतीण आली!" बंद पडलेला पडदा उजळला की टाळ्या व्हायच्या. वस्तू विकायला आलेला माणूससुद्धा विकायचं विसरून खाली वाकलेला असायचा.

रामकिसनभाऊ यंदाही आले, पण हात हलवत. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "पोरीच्या कॉलेजसाठी तयार पेटीच आणली गं. चालतीय चांगली. बिघडली की फोन करायचा, माणूस येतो." बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

दुपारी मी माझाच संगणक उघडला. त्याच्यावरच मी लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीची कामं करते, म्हणून प्लग दोनदा तपासला. माझी आई, नवसी, पहिल्यांदाच मेळ्याला आली होती. तिने सरळ कोपरापर्यंत हात आत घातला आणि म्हणाली, "अगं, आतमदी तं सगली जागा रिकामीच हाय. मंग पेटी एवडी मोटी कशाला केली?" रामकिसनभाऊ पुढे आले. "मावशी, पुढं नवीन कार्डं बसवता यावीत म्हणून जागा ठेवतात. माणसं वाढणार म्हणून घर मोठं बांधतो ना, तसं." आई म्हणाली, "मंग हिच्या बापाला कुनी नाय सांगितलं हे?" सगळे हसले. क्लासची दोन मुलं आली, मग चार झाली. रामकिसनभाऊंनी बाह्या सरसावल्या. ताई, तासभर तो अगदी तुझा मेळा होता.

मग दुकानदारांनी माईकवरून मिक्सरची सोडत पुकारली आणि सगळे तिकडे गेले. मी त्यांना दोष देत नाही. आईसुद्धा गेली.

संध्याकाळी वामनरावांनी मला बाजूला बोलावलं. पुढच्या वर्षीपासून कार्यालय, मांडव, जाहिरात, सगळं ते दुकानदार करणार. मेळा दोन दिवसांचा, फलकावर 'जमनाताईंचा संगणक मेळा' हेच नाव, फक्त झाकणाचा नियम तेवढा काढायचा. "नाव राहतंय ना ताईंचं? बंद पडण्यापेक्षा बरं की नाही?" वामनराव वाईट मनाने बोलत नव्हते, या मेळ्यासाठी त्यांनीही तुझ्याइतकेच पाय झिजवले आहेत. मी नाही म्हणाले. सोमवारी कार्यालयात जाऊन पुढच्या वर्षीसाठी राखलेली तारीखही सोडून आले, आणि कार्यालयवाल्यांनी ती माझ्यासमोरच एका लग्नाला दिली. तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं, तर माझ्या काळजीपोटी तू हो म्हणाली असतीस, आणि तुझ्या नावाखाली बंद खोकी विकलेली मला बघवली नसती. वामनरावांचं पत्र तुला या आठवड्यात येईल. पोरीने हट्टाने मेळा बुडवला, असं ते लिहितील. ते खरं आहे. तुला ते आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. रागावलीस तरी चालेल, पण माझी समजूत घालू नकोस.

तुझीच,
लाडकी