परत आलेल्या चहाच्या पेट्या

प्रिय छकुले,

आज सकाळी तुझ्या आईने आपल्या कंपनीचा तो इंग्लिश ब्रेकफास्ट चहा केला. कडक, वर दूध, तुला लागतो तसा. म्हणाली, "पोरगी इथे असती तर पहिल्याच घोटाला खोट काढली असती." मी हसलो. छान झालाय म्हणालो आणि कप रिकामा केला.

कंपनीत माझ्या शेजारी तुला पहिल्यांदा चहा चाखायला बसवलं तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. पांढऱ्या कपांची रांग, पाच मिनिटं मुरलेला चहा, आणि तू चमच्यातून इतक्या जोरात सुर्रकन ओढलास की ठसका लागून मालकांच्या शर्टावर शिंतोडे उडाले. पण त्याच दिवशी तू म्हणालीस, "बाबा, आसाम घशात भरून राहतो, सिलोन जिभेच्या टोकावर नाचतो आणि केनिया नुसता रंग दाखवत मिरवतो. तिघं भांडले नाहीत की ब्लेंड जमलं." हे कळायला मला तीन वर्षं लागली होती. घरी येऊन आईला सांगितलं, लेक बापाच्या वरचढ निघणार.

आणि मग चहाची ती खेप. तू कप खाली ठेवलास. "बाबा, कुबट लागतंय. ओल लागलीय याला." मी एक चमचा ओढला आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर खेकसलो, "जीभ कच्ची आहे तुझी अजून. कर सही." तू केलीस. दोन महिन्यांनी पेट्या परत आल्या. मालकांनी विचारलं, "कुणी पास केलं हे?" तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. "मी," तू म्हणालीस. संध्याकाळी तुझं टेबल रिकामं होतं.

त्यावर तू एक शब्द काढला नाहीस. दुसऱ्या शहरात जाऊन कपड्यांच्या दुकानात लागलीस. आईला फोनवर म्हणालीस म्हणे, "बाबांना काही बोलू नकोस. वय झालं, होते माणसाकडून चूक."

छकुले, ती चूक नव्हती. त्या खेपेच्या आधी मला ताप आला होता ना, त्यानंतर मला वास येणंच पार बंद झालं होतं. चहा म्हणजे नुसतं गरम, कडू पाणी. पाच महिने मी रंग बघून, भिजलेली पानं चोळून आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघून पास-नापास ठरवत होतो. त्या दिवशीही तुझा चेहरा मला दिसला होता. पण तुझं खरं मानलं असतं तर मालक म्हणाले असते, नीट चाखून सांगा, कसली ओल? मग मी काय सांगणार होतो? म्हणून तुझी जीभ कच्ची ठरवली.

काल मालकांना सगळं सांगितलं. माझी नोकरी गेली, ते योग्यच झालं. तुला परत घ्याल का, असं विचारलं; ते माझ्या हिशेबाचे कागद पुढे सरकवून उठले. आईला अजून ठाऊक नाही. हे पत्र आधी तिच्या हातात देणार, मगच टपालपेटीत टाकणार. माफी मागायला लिहीत नाहीये. ती तू केव्हाच देऊन बसलीस, चूक समजून. ती परत घ्यायची असेल तर घे, बाळा. एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझाच,
बाबा