पलंगाखालचं पीठ

२८ मार्च, खर्डी
पलंगाखाली परत पीठ. कालच झाडलं होतं. मैद्यासारखं बारीक. हे म्हणाले वाळवी असेल, रॉकेल मार. म्हटलं, बाबांच्या सागाला वाळवी? हसले. "माहेरचं लाकूड ना, तुला कीड दिसायची नाय."
चिडले. पण झाडू फिरवताना मनात आलंच, दोन वर्षं नाही झाली याला.

३० मार्च
वाळवी नाही. टॉर्च घेऊन पलंगाचे पाय, भिंत, कोपरा सगळं बघितलं. मातीची एक रेघ नाही. मोरीच्या दाराला लागली होती तेव्हा भिंतीवरून मातीची नळी चढत आली होती, ती विसरणार नाही. काळा भुंगाही नाही. तो पडवीच्या वाशाला बोट जाईल एवढं भोक पाडतो, भुसा जाड सांडतो.
ही भोकं टाचणीएवढी. गोल. हे कोण पाहुणे?

१ एप्रिल
मोबाइलवर फोटो जुळवत बसले. बारका तपकिरी भुंगेरा, सापडलाही एक, मेलेला, खिडकीत. हाच. खाली लिहिलंय, साल आणि गाभा यांच्यामधलं पांढरं लाकूड खातो. सागाच्या गाभ्याला तोंड लावत नाही.
मग माझ्या पलंगात काय खातोय?

२ एप्रिल
गादी काढली, फळ्या उलट्या केल्या. वरून चॉकलेटी पॉलिश, खालून पांढरट. एकाच फळीला कडेने चार बोटं गाभा आहे. भोकं त्या पट्ट्यापर्यंत येऊन थांबलीत. पट्ट्यावर एक नाही.
मी जन्मले त्या वर्षी बाबांनी बांधावर लावलेला साग. हा माझ्या पोरीचा, सगळ्यांना सांगायचे. माझ्या मिठीत मावत नव्हता. बाबा गेल्यावर मी सांगितलं होतं, जमिनीत वाटा नको, तेवढं झाड मला द्या. सुनील म्हणाला, ताई, पलंगच करून पाठवतो. पाठवला. अख्ख्या आळीला बोलावून दाखवला मी. माझा भाऊ, माझा भाऊ करत.
एवढ्या झाडाचा गाभा गेला कुठे?

१४ एप्रिल
जयंतीला माहेरी. मुरबाडपासून रिक्षा. मिरवणूक निघाली, सगळे गेले, मी सुनीलच्या नव्या घराच्या दारात थांबले. घरभरणीच्या गर्दीत नीट बघितलंच नव्हतं. चौकट, दोन्ही फळ्या, उंबरा. मधाच्या रंगाचं, एकसारखं. हात फिरवला. भोक नाही, पीठ नाही.
सुनील मागे कधी आला कळलं नाही. विचारलं, हे कुठलं लाकूड? आधी म्हणाला वखारीचं. मी चौकटीवरचा हात काढला नाही. मग म्हणाला,
"झाड तंच हाय ना ताई. तुला दुसऱ्या झाडाचं दिलं काय मी? खोटं नाय बोललो."
खोटं नाही बोलला. खरंच आहे. न जेवता परत आले. वहिनीने डबा भरून दिला, तो घेतला. का घेतला?

१५ एप्रिल
कामात लक्ष नाही. तोंडाला पानं पुसली माझ्या. ती पण पॉलिश लावून. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. याला अंगाखांद्यावर खेळवलाय.
पुढच्या महिन्यात मुरबाडला हक्कसोडीवर सही. मी स्वतः कबूल केलंय, कुणी जबरदस्ती नाही. सही केली की सातबाऱ्यावरून नाव जाईल. नाही केली की माहेर.

२२ एप्रिल
आईचा फोन. आधी आंबे, मग गुडघे. मग म्हणाली, सुनीलशी बोलत का नाय. सांगितलं सगळं. वाटलं, त्याला झापेल. म्हणाली,
"मीच म्हणले त्याला. दार चार लोकांना दिसतं गो. पलंग काय, चादरीखाली."
तुला बाबांचं बोलणं माहीत होतं ना, विचारलं. म्हणाली, तू गेलीस तुझ्या घरी, दार त्याला सांभाळायचंय.
फोन मी ठेवला. सुनीलचा राग आला होता, रडू नव्हतं आलं. आज आलं. मोरीत नळ सोडून.

२५ एप्रिल
हे म्हणतात, भोकांत इंजेक्शनने औषध भरू, आठवड्यात थांबेल. नको म्हटलं. का, ते विचारलं नाही त्यांनी. बरं केलं.

९ मे
परवा सही. सुनीलचा फोन, उद्या आईला घेऊन येतो, मग सोबतच मुरबाडला जाऊ. ये म्हटलं. सही करते असं म्हटलं नाही, करत नाही असंही नाही.
गादी, चादर दोन्ही माळ्यावर टाकली. फळ्या तशाच उलट्या ठेवल्यात. झाडणार नाही. आईला आणि त्याला तिथेच बसवीन, चहा तिथेच देईन. मग काय बोलायचं ते बोलतील.