माप कुणी फोडलं?

सारसोळे, रविवार

प्रिय संध्या,

माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच केरात टाकशील असा मला दाट संशय, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या विमलबाईंकडून लिहून घेतलाय. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस, पण पुढे काही नाही. धाकट्या जावेने मोठीवर रुसायला हरकत नाही, पण तुझं हे रुसणं नाही, हे मलाही कळतं. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

तू नावड्याला आईकडे गेलीस त्याला तीन महिने झाले. रूपेश भाऊजी शनिवारी तिकडे येतात आणि सोमवारी परत आले की माझ्याशी भाजी-मिठापुरतंच बोलतात. इकडे सासूबाईंचा, आपल्या आईंचा गुडघा पुन्हा सुजलाय. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात, पुढच्या आठवड्यात डंकावर मसाला कुटायला न्यायचा. तू असतीस तर नाकाला ओढणी बांधून शिंकत बसली असतीस.

आपलं दुकान सुरू केलं तेव्हाचे दिवस मला फार आठवतात. सगळे म्हणत होते, मोठ्या कंपनीच्या ॲपवर मसाला टाका, घरबसल्या खपेल. मी म्हटलं, नको, आज आपला माल ठेवतील, उद्या आपली गिऱ्हाइकंच त्यांची होतील. वेबसाइट स्वतःची हवी, नाव आपलं आणि किल्लीही आपल्याच कमरेला. मग तुर्भ्याचा मिथुन ती बनवायला आला. तो कॉम्प्युटरवर बसला की मी त्याच्या खांद्यामागे खुर्ची टाकायची, आणि पासवर्ड घालायच्या वेळी त्याला गॅलरीत उभा करायची. तुला हसू आवरत नसे. पहिली ऑर्डर तर मीच मावशीच्या नावाने टाकली होती, पैसे खरंच बँकेत येतात की मधल्यामधे गडप होतात ते बघायला. तू मात्र फोटो काढलेस, पुड्या भरल्यास, गिऱ्हाइकांना गोड उत्तरं लिहिलीस. दुकान चाललं ते तुझ्यामुळे, हे मी तेव्हा एकदाही म्हटलं नाही.

आपल्या घरचा नियम तुला माहीतच आहे. मसाल्याचं माप सासूने सुनेच्या कानात सांगायचं, लेकीलाही नाही, आणि कागदावर तर कधीच नाही. आईंनी ते आपल्या दोघींना सांगितलं. म्हणजे जगात तीनच जणींना माहीत. त्यामुळे जानेवारीत भावकीतल्या मोरेश्वरच्या लग्नाच्या हळदीला कुणीतरी नावड्याच्या बचत गटाची पुडी आणली, मी चिमूटभर जिभेवर ठेवली, दुप्पट नागकेशर आणि खसखस नाही, हुबेहूब आपलंच माप, तेव्हा मला दुसरा विचारच सुचला नाही. पुडीवर सत्यभामाचं नाव, ती तुझ्या आईच्या गल्लीतली. तू दिवाळीला चार दिवस माहेरी राहून आली होतीस. फोनवर बोलताना तू आत जायचीस, तेही मी मोजून ठेवलं होतं. संशय एकदा डोक्यात शिरला की माणसाला पुरावे कमी पडत नाहीत.

भर मांडवात मी पुडी आईंच्या हातात दिली. आई तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपला माप कोनी नेला ता मना ठाव हाय." तू आईंकडे बघितलंच नाहीस, माझ्याकडे बघून म्हणालीस, "ताई, मी नाय दिला." दोनदा म्हणालीस. मी मान फिरवली. बायका कुजबुजत होत्या आणि मला, खरं सांगते, तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

आता जे लिहिते ते लिहायला मला दीड महिना लागला. होळीच्या आदल्या दिवशी दुकानावर नाशिकच्या एका बाईंचा अभिप्राय आला. पाच तारे देऊन लिहिलं होतं, तुमच्या मापाने घरीच मसाला केला, छान झाला, फक्त नागकेशर जरा कमी घातलं. नाशिकला आपलं माप कुठून पोचलं? मी आजवर दुकान आतूनच बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाईक होऊन उघडलं. किमतीखाली 'अधिक माहिती' अशी बारीक पट्टी आहे, बोट लावलं की उघडते. आपण घरच्यांनी तिला कधी बोट लावलंच नाही, आपल्याच मसाल्याची आणखी काय माहिती हवी होती आपल्याला? तिथे अख्खं माप होतं, वाटीनिशी. ते मी घातलं होतं. गेल्या वर्षी आईंना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा मी घाबरून लिहून ठेवलं. कागद कुणाच्या हाती लागेल म्हणून कागदावर नाही, पासवर्डच्या कुलपातल्या दुकानात. मिथुन म्हणाला होता, वरचा मोठा खोका गिऱ्हाइकासाठी, बाकी आतलं. मी त्याखालचा बारका खोकाही आतलाच समजले, आणि तोच त्या पट्टीत उघडत होता. मग जुन्या ऑर्डरी चाळल्या. सत्यभामा, नावडे, अर्धा किलो, नोव्हेंबर. माप तिने तिथेच वाचलं असणार. ती पुडी मीच बांधली होती.

मी ते माप पुसलं आणि गप्प बसले. नियम मोडला तो मी, ते जगाला दाखवलं तेही मी, आणि बोल लागला तुला. रोज ठरवायची, उद्या सांगते. शेवटी काल दुकानाच्या पहिल्या पानावर, मालाच्याही वर, लिहिलं: 'आमच्या मसाल्याचं माप मी, उज्वलाने, फोडलं. संध्याचा त्यात काडीचाही संबंध नाही. तिला मांडवात बोल लावला तो खोटा होता.' विमलबाईंच्या फोनवर उघडून बघितलं, बाहेरून दिसतंय. आज मासळीबाजारात दोघीतिघी मला बघून बोलायच्या थांबल्या. त्या मांडवात तुझं काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. ये, असं म्हणायचा हक्क मी घालवलाय. हे सगळं सकाळी आईंना सांगितलं. त्या मिरच्यांची देठं खुडतच राहिल्या, माझ्याकडे बघितलंही नाही. मग एवढंच म्हणाल्या, "मंग त्या पोरीला आता कोन सांगनार?"

चुकलेली, तरी तुझीच,
उज्वला