क्लच न दाबता आलेला मुराळी

भाऊ,

परवा गाडी बुक केली. डिझेलच आहे, पण ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात आणि पायाशी दोनच पेडल. तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, पण आधी ऐकून घ्या. शोरूममधला मुलगा मला पाहताक्षणी म्हणाला, "मॅडम, लेडीजसाठी ऑटोमॅटिकच बेस्ट." साक्रीच्या रस्त्यावर मी इतकी वर्षं ट्रकवाल्यांशी हॉर्नने भांडत आले, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! मी त्याला तुमचाच जुना प्रश्न विचारला, "बॅटरी बसली तर ढकलून चालू होते का?" तो म्हणाला, "ऑटोमॅटिक ढकलून नाही होत मॅडम, पण फोन केला की आमचा माणूस येतो." मी ऑटोमॅटिकला होकार देऊन टाकला. तुमच्या वेळी असा माणूस येत नव्हता, म्हणून तुम्ही नाही म्हणाला होतात. त्या नकारावर मी तुमच्याशी किती भांडले होते, ते आठवलं आणि लिहायला बसले.

हल्लीच्या पोरांना मुराळी म्हणजे कोण, तेही सांगावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीच्या सासरी जाऊन तिला माहेरी घेऊन येणारा माणूस. मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे लग्नानंतर दर आखाजीला वडील असून तुम्हीच मुराळी होऊन जळगावहून पिंपळनेरला यायचात, तुमची ती पांढरी डिझेल टॅक्सी घेऊन. वर्षभर लोकांची वऱ्हाडं आणि दवाखान्याचे पेशंट वाहणारी गाडी त्या दिवशी फक्त माझी असायची. सासूबाईंना माझं माहेरी जाणं कधीच पसंत नव्हतं. त्या वाईट नव्हत्या, पण मी गेले की भाकरींचा ढीग त्यांच्या एकट्या अंगावर पडायचा. तरी तुम्ही दारात गाडीतून उतरलात की त्यांचा इलाज चालत नसे. मग कॅरिअरवर सामान बांधताना तुम्ही पडलात, डाव्या गुडघ्यात सळई घातली, आणि त्या वर्षी तुमच्याऐवजी चुलतभाऊ एसटीने आला. सासूबाईंनी त्याला पोटभर मांडे आणि आमरस खाऊ घातला आणि तसाच परत पाठवला. "बाप ऊना नही, ते पोर जास नही," एवढंच म्हणाल्या. दुपारभर माळवदावर बसून मी गल्लीतल्या माहेरवाशिणींची आखाजीची गाणी ऐकली. एवढी रडले की दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात.

पुढच्या आखाजीला तुम्ही आलात. गाडीतून उतरलात ते ताठ, धोतराचा सोगा सावरत, चेहऱ्यावर काही नाही. सासूबाई तुमच्या पायाकडे बघत राहिल्या, पण चालताना तुम्ही दोनच पावलं टाकलीत आणि ओट्यावर बसलात. आणि चहा होताच उठलात. मी खूश. साक्री मागे पडली तरी गाडी कुठे थांबेना. एरवी आपण नेर गावाशी उसाचा रस प्यायचो. मी म्हणते, "भाऊ, थांबवा ना." तुम्ही म्हणता, "पुढे पिऊ." पुढे तर तुम्ही रसाच्या गाड्याकडे बघतही नाही. मला राग येतो. मग एका बैलगाडीने रस्ता अडवला आणि गाडी थांबवावीच लागली, तेव्हा मी पाहिलं. तुमचा डावा पाय सरळ पुढे, लाकडासारखा. क्लच न दाबता, पहिला गिअर तसाच ठेवून तुम्ही किल्लीने सेल मारला, गाडी आचके खात उठली, माझं डोकं काचेवर आपटलं. मग इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत तुम्ही क्लचशिवायच दुसरा टाकला, तिसरा टाकला. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "पाय वाकस नही, माय. थांबनू ते परत उठाना तरास." जळगावपासून पिंपळनेरपर्यंत तुम्ही असेच आला होतात. ड्रायव्हर ठेवून आला असतात तर सासूबाईंनी तुम्हाला पांगळं ठरवलं असतं, आणि माझं जाणं कायमचं बंद झालं असतं. हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळायला काही शहाणपण लागत नव्हतं.

धुळ्यात मात्र तुम्ही आपणहून थांबलात. देवपुरात तुमच्या ओळखीच्या एका वकिलाकडे परदेशी डिझेल गाडी होती, कुठल्याशा कामावर आलेल्या गोऱ्या इंजिनिअरने जाताना विकलेली, ऑटोमॅटिक. वकिलाला ती झेपत नव्हती, आणि तुमची टॅक्सी व वर थोडे पैसे घेऊन तो ती द्यायला तयार होता. तुम्ही मला मागे बसवून तिची चक्कर मारलीत. डावा पाय निवांत पसरलेला, एक हात खिडकीत, गाडी तुपात बोट फिरावं तशी चाललेली. अपघातानंतर तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "ब्रेक दाबा, दांडा सरकवा, झालं," वकीलसाहेब सांगत होते, "डोकं लावायचं कामच नाही." मी मनात ती गाडी आपल्या गल्लीत लावूनसुद्धा टाकली. परत आल्यावर तुम्ही बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिलात आणि विचारलंत, "बॅटरी बसली तर?" ढकलून चालू होत नाही, ओढून मुंबईला न्यावी लागते, तिचा गिअरबॉक्स इकडे कुणी उघडत नाही, असं वकिलांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तुम्ही बॉनेट लावलंत, रुमालाने हात पुसलेत आणि त्यांना हात जोडलेत.

पारोळ्यापर्यंत मी तुमच्याशी भांडत होते. "पायापेक्षा गिअरबॉक्स मोठा झाला का?" असंही म्हणाले. शेवटी म्हणालात, "आखाजीले ती गाडी रस्तामा हुभी र्‍हायनी, ते तुले लेवाले कोन येई?" आपली खटारा गाडी चार माणसांनी ढकलली तरी सुरू व्हायची. ती पोचणारी होती, भाऊ, आणि तुम्हाला पोचायचं होतं. पण माझा राग गेला नव्हता. एवढा दुखरा पाय घेऊन तुम्ही अजून किती वर्षं येणार, हा प्रश्न तसाच होता, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेही नाही असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुरणाची डाळ शिजवत होती, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "चाल, गाडीमा बस. उजवीकडे." आई म्हणाली, "पोर पाच दिवस आराम करायला आली आहे." तुम्ही म्हणालात, "आराम मग करी." मेहरुणच्या तलावाकडच्या मोकळ्या रानात तुम्ही मला शिकवलंत. किती ओरडलात! स्टेअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा मी ओढायचे एकीकडे आणि गिअर पडायचा भलतीकडे. "क्लच म्हणजे पायरी नाही, पाय ठेवून उभं राहायला!" माझी साडी पेडलमध्ये अडकायची, तर तुम्ही तोंड वळवून म्हणालात, "कासोटा घाल, आजीसारखा." घातला. लायसन्ससाठी तुम्हीच मला आरटीओत नेलंत, आणि पिंपळनेरला परतल्यावर मी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

पुढच्या आखाजीला तुम्ही आलात ते ओळखीचा ड्रायव्हर घेऊन, उघड उघड डाव्या बाजूला बसून. ड्रायव्हरला दारातूनच एसटीच्या पैशांसह परत पाठवलंत. काठी टेकत अंगणात आलात. सासूबाई पदर सावरत पुढे झाल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "दुखना पाय लई कसाले उनात, भाऊ? पोर र्‍हाऊ द्या आठेच. तठे जाई तिले तुमना दवाखानाच करना पडी." म्हणजे मला इथेच ठेवा, तिकडे मला तुमची सेवाच करावी लागेल. सासरे, दीर, शेजारच्या बायका, सगळे बघत होते. तुम्ही खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरलीत आणि त्यांना म्हणालात, "मुराळी मी शे. गाडी तुमनी सून चालाडी."

कुणी काही बोलायच्या आत मी गाडीत बसले, कारण बोलणं सुरू झालं असतं तर मी तिथेच राहिले असते. कासोटा नव्हता, नऊवारीही नव्हती, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. सासऱ्यांसमोर. क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. दीर खो-खो हसला. तुम्ही शेजारी बसून पुढे बघत राहिलात, हात मांडीवर. हात मांडीवरच ठेवलेत, स्टेअरिंगला लावले नाहीत, त्याचे उपकार मी विसरले नाही. "परत सेल मार," एवढंच म्हणालात. गाडी निघाली. ती दहा हात गेली नसेल, तोवर मागून सासूबाईंची हाक आली, "थांब वं!" मला वाटलं, संपलं. त्या आल्या, मागचं दार उघडून पिशवीसकट बसल्या आणि म्हणाल्या, "माले साक्रीलगून लई चाल. बजार कराना शे." सगळा रस्ता त्या जीव मुठीत धरून बसल्या होत्या, पण उतरताना भाजीवालीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "मनी सून चालाडस." तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतात. तुमचे खांदे हलत होते. हसत होतात की काय, मी विचारलं नाही.

त्यानंतर मला कुणी अडवलं नाही. तुमचं येणं थांबल्यावर मीच गाडी घेऊन जळगावला यायचे. तुम्ही गेलात, मग आई माझ्याकडे राहायला आली, घर विकलं, आणि नंतर तीही गेली. सासूबाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आता माझाच डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून ही ऑटोमॅटिक. तुम्हाला ती गाडी घेता आली असती तर, असं मी शोरूममध्ये बसल्या बसल्या मनात म्हटलं आणि डोळे भरून आले. त्या मुलाला वाटलं, किमतीमुळे.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. ती घरात कुणाला माहीत नाही. आखाजीला मी जळगावच्या मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघते. तिथे माझी कुणी मैत्रीण नाही. आपल्या जुन्या गल्लीत जाते, घरासमोर गाडी लावते आणि थोडा वेळ बसते. आता तिथे राहणारी बाई चांगली आहे, कुंड्यांना पाणी घालते. मागच्या आखाजीला ती गाडीच्या खिडकीशी आली आणि विचारू लागली, "ताई, कुणाकडे आलात?" मी म्हटलं, "पत्ता चुकले." पत्ता चुकला नव्हता, भाऊ.