ऊब विझू देऊ नकोस

इंजे, ९ जून २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सैन्यातलं प्रशिक्षण संपलं आणि माझी पलटणीत नेमणूक झाली. इथे चहूकडे डोंगर आहेत, सूर्य उशिरा येतो आणि लवकर पळतो. जेवण पोटभर असतं. किमची मात्र तुझ्या हातची आठवून गिळावी लागते. फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं, आणि रागावू नकोस. दार लावून मी जो खेळ खेळायचो, ज्याला तू ‘ते काळंकाळं’ म्हणायचीस, त्याचं नाव तारासागर. हजारो माणसं एकाच आकाशात यानं घेऊन हिंडतात, धोंडे फोडतात, व्यापार करतात, एकमेकांना लुटतात. तिथे आम्हा चौघांचं एक ठाणं आहे. नाव ठेवलंय ऊब. त्यात इंधन घालत राहावं लागतं. नाही घातलं तर दिवे जातात, ढाल पडते आणि कुणीही येऊन ते फोडून टाकतो.

झोपाळू आणि तिसरा चंद्र आधीच सक्तीच्या सैनिकी सेवेत गेलेत. मुळा बंदरावर कामाला लागलाय, कसाबसा आठवड्यातून एकदा येतो, आणि ऑक्टोबरात तोही भरती होईल. ही त्यांची खेळातली नावं, खरी मला ठाऊक नाहीत. सुटून आलो की ऊबेत भेटायचं, एवढंच ठरलंय. परत आलेल्याला तिथे रिकामं आकाश दिसलं, तर तो खेळच सोडून देईल. मग मी त्यांना शोधू कुठे?

मावशी, माझी जीभ कशी अडखळते ते तुला माहीत आहे. इथेही हजेरीला आकडा ओरडायची माझी पाळी आली की रांग खुदखुदते. तिथे सगळं टंकून बोलायचं असतं. तिथे मी त्यांचा नायक होतो. मित्र म्हणायला मला हे तिघेच आहेत. कालवांचा हंगाम सुरू होईपर्यंत तू मोकळी आहेस ना? तर स्वतःचं खातं उघड, ऊबेपर्यंत पोच आणि तिला विझू देऊ नकोस. मुळ्याला निरोप ठेवलाय.

तुझा जीव माझ्यात आहेच, थोडा त्या ठाण्यातही घाल.

तुझा
चान-ग्यू

*

तोंगयंग, २३ जून २०१३

चि. चान-ग्यूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी तुला चार शिव्या हासडल्या, मग डोळे पुसले, मग संगणक पुसला. केवढी धूळ रे ती! आईविना पोर म्हणून लाडावून ठेवलं, त्याचं हे फळ.

पहिल्याच दिवशी चेहरा करा म्हणाले. अख्खी दुपार त्यात गेली. नाक बरं जमलं, पण साठीतल्या बाईच्या सुरकुत्या काही मिळेनात. तिथे सगळ्या बाया नाटकातल्या नट्यांसारख्या! शेवटी कंटाळून आहे तशी केली. नाव विचारलं, तर मी आपलं सरळ मल-सुन घातलं. मग पडदा उघडला आणि माझे डोळेच पांढरे झाले. इतके तक्ते, आकडे, चौकोन! मला वाटलं, चुकून वीज कंपनीच्या कचेरीत शिरले की काय. यान कुठे आहे ते शोधायलाच वेळ गेला. ते सापडलं, तर धक्क्यातून बाहेर पडायचं दार सापडेना. बाहेर पडले, तर परत आत यायचं जमेना. शिकवणारी बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. कळलं नाही म्हणून ओरडले, तरी तिचं आपलं चालूच.

धोंडे फोडायचं मात्र झकास जमलं. कालवं सोलण्यापेक्षा सोपं, आणि बोटं कापत नाहीत. आणखी एक गंमत आवडली. कुठली विद्या शिकायची ते सांगून ठेवायचं आणि आपण खुशाल भांडी घासायची, ती आपोआप शिकून होते. आमच्या शाळेत ही सोय असती तर मी आज डॉक्टर असते.

तिथली माणसं जरा घुमी आहेत. जेवलास का विचारलं तर गप्प. वय विचारलं, गाव विचारलं, तर एकजण यान घेऊन पळूनच गेला.

अंगावर पांघरूण घेत जा. माया पत्रात मावत नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी
मल-सुन मावशी

*

इंजे, २ जुलै २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चादरीखाली वाचलं आणि हसू दाबताना पोट दुखलं. पण मावशी, हात जोडतो, कुणाला वय, गाव, नाव विचारू नकोस! तारासागरात ते फार वाईट दिसतं. तिथे पोरसवदा असो की आजोबा, सगळे सगळ्यांना ‘जी’ लावतात. मुळाजी, झोपाळूजी. अरेतुरे केलं म्हणजे भांडण उकरून काढलं असं धरतात.

दुसरं, यान आपोआप चालवायचं एक बटण आहे. ते दाबून चुलीवरचं कालवण बघायला जाऊ नकोस. त्या बटणाने यान आकाशाच्या पुढच्या भागात नेणाऱ्या दर दाराच्या अलीकडे थांबतं आणि मग रांगत रांगत पुढे जातं. दारापाशी लुटारू टपलेलेच असतात.

आणि खरं सांगू? नाव कळलं की ते भेटू या म्हणतील. भेटलो की मला बोलावं लागेल. तीन वर्षं ज्याच्या हुकमावर ते लढले, त्या नायकाला धड स्वतःचं नाव सांगता येत नाही, हे त्यांना कळायला नको. आहे ते बरं आहे.

माझ्यावर रुसू नकोस, मला तेवढं एकच माणूस आहे.

तुझा
चान-ग्यू

*

तोंगयंग, ११ ऑगस्ट २०१३

चि. चान-ग्यूस,
अ. उ. आ.

तू कालवणाचं लिहिलंस आणि मी नेमकं तेच केलं. बटण दाबलं, मासळीचा रस्सा ढवळून आले, तर यान गेलेलं आणि मी एका अंड्याएवढ्या डब्यात तरंगतेय. हे काय झालं म्हणेपर्यंत तो डबाही फुटला. मेले! एवढी किंचाळले की शेजारीण धावत आली. मग बघते तर दुसऱ्या धक्क्यावर नव्या शरीरात जिवंत. शरीर नवं मिळालं, गुडघे मात्र तेच ठेवलेत मेल्यांनी. त्या लुटारूने वर मला लिहिलं की छान लढलात, मल-सुनजी. मी तर रस्सा ढवळत होते!

आता कौतुक कर. काल मुळ्यामागोमाग दारामागून दार ओलांडत मी ऊबेला पोचले. पुढे जाऊन तो वाट मोकळी आहे का बघायचा, मग मला बोलवायचा. एवढं मोठं काळं आभाळ, आणि मधोमध ते तुमचं चिमुकलं ठाणं, तांबूस दिवे लावून वाट बघत बसलेलं. इंधन घातलं. तुम्ही पोरांनी कशाला एवढा जीव लावलाय ते तेव्हा कळलं.

मुळा गुणी पोरगा आहे, पण रोज नुसत्या पाकिटातल्या शेवया खातो. मला राहवलं नाही. वाळवलेल्या मांदेल्या आणि किमची पाठवून दिली. आता ओरडू नकोस. पार्सलवर नाव नको का घालायला? मुळा, बंदराजवळ, एवढं लिहून टपालवाला देईल का? त्याने नाव, पत्ता, वय सगळं सांगितलं. तुला सांगत नाही, तुझा नियम तू पाळ. तुझ्या बोलण्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. त्याने विचारलं होतं, आमचा नायक कसा आहे म्हणून. मी सांगितलं, वाळलाय.

जपून राहा आणि या म्हातारीला शब्दात धरू नकोस.

तुझी
मावशी

*

इंजे, २५ ऑगस्ट २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू ऊबेला पोचलीस हे वाचून मी पहाऱ्यावर एकटाच नाचलो. पण नावाचं केलंस ते केलंस, आता पुढे जाऊ नकोस. मला खरंच भीती वाटते ग.

छुसकच्या सणाला मला रजा नाही. पूर्वजांपुढे माझ्या वाटचा नमस्कार तूच कर, आईच्या पानापुढे जरा जास्त वेळ थांब. आणि सावध राहा. ‘लोखंडी वादळ’ नावाचा एक टोळीप्रमुख आमच्या बाजूची छोटी ठाणी एकेक करून फोडत चालला होता. तो आला तर लढू नकोस, तुझ्याने व्हायचं नाही.

तुझ्या धाकात असलेला,
चान-ग्यू

*

तोंगयंग, १५ सप्टेंबर २०१३

चि. चान-ग्यूस,
अ. उ. आ.

आला रे तो लोखंडी वादळ! काल दुपारी मी सणाची भाजी निवडत बसले होते, तर मुळ्याचा निरोप आला, धावा. जाऊन बघते तो ऊबेभोवती ही एवढी यानं तोफा रोखून उभी. आपल्या बाजूने मी, मुळा आणि नुकताच रजेवर घरी आलेला तुमचा तिसरा चंद्र. म्हणजे लढाई कसली, तोंड बघत बसायचं.

मला असा संताप आला! सगळ्यांदेखत त्याला टंकून विचारलं, अरे बाळा, सणासुदीला दुसऱ्याच्या घरावर चालून येतोस, तुला आईबाप आहेत की नाहीत? तू सांगितलेलं ते जी-बी सगळं विसरले. तो असा भडकला म्हणतोस! बाळ कुणाला म्हणता, मी वाघाच्या साली जन्मलोय, म्हणाला. मी म्हटलं, मी ड्रॅगनच्या सालची, आणि वाघाचं साल दर बारा वर्षांनी फिरून येतं, तू कुठला वाघ ते आधी सांग, धाकटा की थोरला? थोरला निघाला, मेला! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. माझी काय पंचाईत झाली म्हणून सांगू! एका बोटाने टंकत बसले क्षमा मागायला, आणि तेवढा वेळ दोन्हीकडची यानं मुकाट उभी. मुळा म्हणतो, अशी लढाई त्याने जन्मात पाहिली नाही.

पण मोठा ठरला म्हटल्यावर त्याला मोठ्यासारखं वागणं आलं. म्हणाला, धाकट्या बहिणीने शब्द टाकलाय, सण होऊ दे. त्यालाही थोरल्या भावाकडे जाऊन पूर्वजांच्या पानासाठी चेस्टनट सोलायचे आहेत. पण पुढच्या शनिवारी येणार म्हणजे येणार, त्याच्या पोरांना त्याने शब्द दिलाय. गेला मग.

चान-ग्यू, तुला खोटी आशा लावत नाही. ऊब वाचायची नाही. मी रात्रभर कूस बदलत होते. तुझं दुःख मला कळतं, पण तुझी भीती मी आता मानणार नाही. काय करायचं ते मी ठरवलंय, आणि त्यासाठी तू मला दोष दिलास तरी चालेल.

उपाशी राहू नकोस. रागावलास तरी माझाच आहेस.

तुझी
मावशी

*

इंजे, २४ सप्टेंबर २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रविवारी भेटीला कुणी आलंय म्हणून हाक आली, तेव्हा तू एकटीच असशील असं वाटलं होतं. तळलेल्या कोंबडीचे डबे घेऊन तू उभी, आणि तुझ्या मागे दोन अनोळखी माणसं नखं कुरतडत उभी! त्यांना आत ढकलून तू जी दारावरच्या अधिकाऱ्याला कोंबडी खाऊ घालायला गेलीस, ती परत येईचना. मुद्दामच ना? लबाड आहेस. तर तुझ्या पाठीमागे काय झालं ते ऐक.

आधी दोघांनी नुसते डबे उघडले. मग एकाने खाली मान घालून सांगितलं की नायकजी, काल ऊब गेली. लोखंडी वादळाने आधी वाकून नमस्कार केला आणि मग फोडली. शेवटचा दिवा जाईपर्यंत मल-सुनजी हलायला तयार नव्हत्या, रडत होत्या. मी नुसती मान हलवली. तोंड उघडायची हिंमत नव्हती. ते समोर बसले होते, आणि मला वाटत होतं, मी एक शब्द बोललो की हेही जातील.

हा मुळा. त्याने खरं नाव सांगितलं, पण त्याला मुळा म्हणायचं की जे-बम, कळेना. त्याने माझं जन्मसाल विचारलं. मी कागदावर कोंबडा काढून दाखवला. तो मेंढ्याच्या सालचा, तिसरा चंद्र माकडाच्या, म्हणजे मीच सगळ्यांत धाकटा. दोघं एकमेकांकडे बघून जोरात हसले. तीन वर्षं आपण या पोराला नायकजी म्हणून सलाम ठोकतोय, म्हणे! मग जे-बम म्हणाला, आता पुरे झालं जी, चल, दादा म्हण.

मावशी, मला भाऊ नाही. हा शब्द मी कुणाला कधी म्हटलेलाच नव्हता. तोंड उघडलं आणि जीभ अडकली. दा, दा, दा, दा, असं झालं आणि मी थांबलो. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. हे दोघं हातातली तंगडी तशीच धरून वाट बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी माझ्या वतीने शब्द पुरा केला नाही.

मग जे-बमने बोटं मोजली आणि तिसऱ्या चंद्राला म्हणाला, घे, याने दोघांचं एकदमच म्हणून टाकलं.

मी हसलो. माझ्या अडखळण्यावर मी स्वतः हसलो, मावशी, असं हसलो की नाकात मसाला गेला. मग तू परत येईपर्यंत मी बोलतच होतो. किती अडकलो ते मोजलं नाही.

झोपाळू आरमारात आहे, त्याला येता आलं नाही, पण तू त्याच्या आईलाही गाठलंस आणि तिने सणाचे मोदक तुझ्याबरोबर पाठवले होते. त्याला आज पत्र लिहिलं, पाकिटावर त्याचं खरं नाव घालून.

लोभ असावा असं तुला काय लिहू, तो तू डबे भरून आणतेसच.

तुझा
चान-ग्यू